वरचा सूर

माईक तपासताना सगळे 'हॅलो हॅलो' करतात. सौसरचा आमचा माईकवाला मात्र एका भीमगीत गायकाच्या गाण्याची पहिली ओळ म्हणतो, तीही डोळे मिटून. त्या गायकावर त्याचा फार जीव.

यंदा जयंतीला तेच गायक आले. आता थकलेत. पहिल्याच गाण्यात वरच्या सुराला त्यांचा आवाज फाटला, आणि मंचामागे माझ्या शेजारी बसलेल्या माईकवाल्यानं चटकन त्यांचा माईक कमी करून कोरसचा वाढवला.

गाणं संपताच गायक थेट मागे आले.

"माझा आवाज कमी केला का, भाऊ?"

मला वाटलं, हा पाया पडेल. तो नुसता उभा राहिला. "हो जी. फाटून राहिला होता."

"पुढच्या गाण्यालाही तसंच ठेव," गायक म्हणाले आणि मंचावर गेले.

पुढच्या गाण्याला यानं त्यांचा माईक पूर्ण वाढवला. फाटका आवाज लोधीखेड्याच्या रस्त्यापर्यंत गेला असेल.

"काहून?" मी विचारलं.

"त्याईले माहीत आहे आता. लपवाचं कोणापासून?"

त्यानं त्यांचा मान पहिल्या गाण्यात ठेवला की दुसऱ्यात, मला अजून कळलेलं नाही.