दान पोचवणारे अप्पा

अप्पांच्या मुलीचा, महानंदाचा फोन आला तेव्हा मी नांदेडला चष्म्याच्या दुकानात बसलो होतो. दुकानदार डोळ्यांपुढच्या काचा बदलत विचारत होता, "आता दिसतंय का? आता?" फोनवर ती एवढंच म्हणाली, "काका, अप्पा गेले. सकाळी, झोपेतच." मग, "घाई करू नका, तुम्ही येईपर्यंत थांबतो आम्ही." चष्मा तसाच टाकून उठलो आणि लातूरची बस धरली. अहमदपूर मागं पडलं तरी रडू आलं नाही. आला तो जुना, अंगात मुरलेला थकवा. याच रस्त्यानं अप्पांबरोबर कितीदा तरी गेलो होतो, कुणाच्या ना कुणाच्या दारात बसायला, आणि बहुतेक वेळा तसाच हात हलवत परत आलो होतो.

लिंगायतांच्या रिवाजाप्रमाणे अप्पांना बसवून समाधी दिली. बसलेले अप्पा माझ्या ओळखीचे होते. आयुष्यभर मी त्यांना असंच पाहिलं होतं... कुण्या शेठच्या ओसरीवर, पाठ ताठ, डोळे मिटलेले. 'शेठ आत पूजेत आहेत' हे ऐकून घेऊन वाट पाहत असलेले. माती टाकताना क्षणभर वाटलं, आता आतून कुणीतरी बोलावणं पाठवेल आणि हे उपरणं झटकून उठतील.

महारुद्रप्पा हे त्यांचं पूर्ण नाव. मूळचे उदगीरचे, लातुरात धाकट्या भावासोबत डाळीची गिरणी. पण लोक त्यांना ओळखत ते वेगळ्याच कामासाठी. ज्याच्याकडे पैसा आहे आणि तो चांगल्या कामाला लावायची इच्छा आहे, त्याला कुठं द्यावं, कसं द्यावं आणि देऊन झाल्यावर काय बघावं, हे अप्पा सांगत. आता या कामाची पुण्या-मुंबईत ऑफिसं आहेत. शिकलेली मुलंमुली उद्योजकांना सल्ला देतात, रीतसर फी घेतात. घ्यावी, कष्टाचं काम आहे. आमच्याकडे तेव्हा या कामाला नावच नव्हतं. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, कुणाला दानधर्म सुचला की लोक म्हणत, "अप्पाला विचारा." आणि अप्पांना 'दान' हा शब्दच आवडत नसे. "दान म्हनलं की देणारा वर बसतो," ते म्हणत. "आमच्याकडं दासोह म्हंतेत. त्यात देणाराच चाकर."

आमची ओळख बहात्तरच्या दुष्काळातली. मी पाटबंधारे खात्यात नवा ओव्हरसियर होतो आणि लातूरजवळच्या मुरुडच्या बाजूला दुष्काळी कामांवर माझी नेमणूक होती. माणसं उन्हात खडी फोडायची आणि पाण्याच्या टँकरचा आवाज आला की हातातला हातोडा टाकून धावायची. एके दिवशी पांढरं धोतर, काळी टोपी, खांद्यावर उपरणं असा एक गृहस्थ ट्रकमधून उतरला. सरळ माझ्याकडं आला.

"सायेब, या इलाख्यात हीर कुठं खांदावी, सांगता का?"

"कुणाची विहीर?"

"ते अजून ठरलं न्हाई. आधी पाणी कुठंय ते सांगा, मंग देणारा हुडकतो."

मला हसू आलं. पण ते थट्टा करत नव्हते. लातूरच्या व्यापाऱ्यांनी बाजारात अन्नछत्रं उघडली होती, मनापासून वाढत होते. अप्पाही सुरुवातीला तिथंच वाढायला उभे असत. मग त्यांच्या लक्षात आलं, की शहरापर्यंत चालत येण्याइतकी ताकद ज्यांच्या पायात आहे, त्यांनाच हे मिळतंय. ज्यांना चालवत नव्हतं ते आपापल्या गावात पडून होते. "दान बी पाण्यावानीच," ते मला म्हणाले, "उताराकडं पळतंय. चढावर न्यायचं तर कुनीतरी खांद्यावर घ्यावं लागतंय."

देणारा मिळाला तो चन्नप्पाशेठ. मोंढ्यातली मोठी आडत, अप्पांचा लहानपणापासूनचा दोस्त. त्याची आई नुकतीच वारली होती आणि तिच्या नावानं देवळाला दगडी कमान बांधायचं त्याच्या मनात होतं. अप्पांनी त्याचं मन वळवलं. कमानीखालून माणसं जातील, विहिरीवर माणसं जगतील, असं काहीबाही बोलले असावेत. मुरुडपासून जवळच्या एका गावात मी जागा दाखवली. तिथल्या चावडीवर अप्पांनी सगळ्यांसमोर एकच अट घातली, की पाणी गावातल्या सगळ्यांना, स्वतःच्या हातानं काढू द्यायचं. सगळ्यांनी माना हलवल्या. पाणी लागलं त्या दिवशी विहिरीत उतरलेली माणसं चिखलानं माखून वर आली आणि एकमेकांना मिठ्या मारू लागली. चन्नप्पाशेठच्या डोळ्यांत पाणी होतं. आईच्या नावाची फरशी त्यानं स्वतः काठावर बसवली.

काही आठवड्यांनी त्या बाजूनं जाताना मी पाहिलं, की गावाबाहेरच्या दलित वस्तीतल्या बायका विहिरीपासून दूर, रिकाम्या घागरी घेऊन उन्हात बसल्यात. कुणी दया येऊन वरून ओतेल तेव्हा भरायचं. अप्पांना निरोप धाडला. ते आले, सरपंचाशी बोलले. सरपंच गोड माणूस. "अप्पा, व्हईल की हळूहळू. गाव हाय, घाई करून चालत न्हाई." अप्पा तडक लातूरला चन्नप्पाशेठकडं गेले. मी सोबत होतो.

"चन्नप्पा, तुझ्या आईच्या नावाखाली बाया उन्हात बसल्यात. तू चल. तू बोललास तर ऐकतील."

शेठ गादीवरूनच म्हणाला, "दिलं ते दिलं, महारुद्रा. आता ते गावचं झालं. त्याच गावचा माल माझ्या आडतीला येतो. सगळ्यांशी वाकडं घेऊ का?"

"मंग आईचं नाव काढून घे."

आडतीवरची माणसं बघायला लागली. शेठचा चेहरा काळवंडला. "काढतो," तो म्हणाला, "पण तू बी या दारात पुन्हा यायचं न्हाई." दुसऱ्याच दिवशी त्याच्या माणसांनी पहारीनं ती फरशी उखडून नेली. काठावर सिमेंटचा ओबडधोबड चौकोन तेवढा राहिला.

मला वाटलं, संपलं. अप्पांनाही वाटलं असावं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. पण त्यांच्या घरात गंगावहिनी होत्या. ताट उचलता उचलता त्या म्हणाल्या, "तुमी जाऊन चार शब्द बोलून येताव. पाणी बाईलाच भरावं लागतंय. मी येते." घर जावेवर सोपवून, घागर घेऊन त्या खरंच अप्पांबरोबर गेल्या. दोघं शाळेच्या पडवीत राहिले. रोज सकाळी वहिनी वस्तीतल्या धोंडाबाईला सोबत घेऊन विहिरीवर जायच्या. आधी धोंडाबाईनं पोहरा टाकायचा, मग यांनी. पहिल्या दिवशी गावातल्या बायका घागरी उचलून निघून गेल्या. सरपंच धावत आला.

"वहिनी, तुमी कशाला? गडी आणून देईल की पाणी."

"माझ्या घागरीला गडी लागत न्हाई," वहिनी म्हणाल्या. "धोंडाबाईच्या घागरीला लागतो म्हनं तुमच्या गावात?" आणि धोंडाबाईनं काढलेलं पाणी त्या तिथंच, गळ्यातलं इष्टलिंग कपाळाला लावून, सगळ्यांसमोर प्याल्या. त्या काळी आमच्या भागात हे किती मोठं होतं, ते आजच्या वाचकाला सांगून कळणार नाही.

हे ऐकायला छान वाटतं. राहायला छान नव्हतं. एका सकाळी विहिरीवर बाभळीच्या काट्या टाकलेल्या होत्या. दोघांनी हातानं उपसल्या. अप्पांचा तळवा फाटला. त्या दिवशी धोंडाबाई हळूच म्हणाली, "आक्का, तुमी जाल. आमाला हितंच राहायचंय." वहिनी ठरवलं होतं त्यापेक्षा जास्त राहिल्या. अप्पांनी हे वाक्य पुढं आयुष्यभर बाळगलं. कुठलंही काम सुरू करताना ते मध्येच गप्प व्हायचे, तेव्हा मला कळायचं की ते धोंडाबाईचं तेच वाक्य ऐकतायत.

विहीर शेवटी सगळ्यांची झाली, पण कशी? गावातली काही घरं निमूट येऊ लागली. बाकीच्यांनी पाऊसपाणी झाल्यावर आपली वेगळी विहीर पाडली. म्हणजे निम्म्या गावानं सोडली तेव्हा ती सगळ्यांची झाली. इकडं त्या पट्ट्यातल्या मोठ्या शेतकऱ्यांनी गिरणीला तूर घालणं बंद केलं. भाऊ एके दिवशी म्हणाला, "अण्णा, पुण्य तुमचं, घाटा माझा. वेगळं होऊ." अप्पा वेगळे झाले. वाद घातला नाही. एक छोटं दुकान काढलं आणि त्याच्या मागच्या खोलीत बसू लागले.

पुढं लातूर वेगळा जिल्हा झाला. काय आनंद झाला होता गावाला! रोषणाई, मिरवणुका, पेढे. नव्या जिल्ह्याला सगळंच हवं होतं आणि पैसेवाल्यांना त्या सगळ्यावर आपलं नाव हवं होतं. अप्पांकडं रीघ लागली, अगदी नांदेडहूनसुद्धा. एक बडे उद्योजक सभागृह बांधायचं म्हणून आले. अप्पांनी सुचवलं, नायगावकडच्या एका शाळेत मोठ्या मुली येणं बंद करतात, कारण तिथं संडास नाही, ते बांधा. पाहुणे गोंधळले. "पण संडासावर वडिलांचं नाव कसं लावायचं?" "मंग नका लावू," अप्पा म्हणाले. पाहुणे चहा अर्धा ठेवून गेले. सभागृह झालं. अप्पांना उद्घाटनाचं बोलावणंही आलं, आणि ते जाऊन मागच्या रांगेत बसून आले. परतताना म्हणाले, "सायेब, मागायचा कंटाळा न्हाई येत. समजून सांगायचा येतो. लई येतो."

त्याच सुमारास एका दुपारी चन्नप्पाशेठ दुकानाच्या पायऱ्या चढून आला. अर्धांगाचा झटका येऊन गेलेला, हातात काठी, तोंड किंचित वाकडं. मी तिथंच होतो. तो दारातच थांबला.

"महारुद्रा, बोलशील का माझ्याशी?"

"आधी बस," अप्पा म्हणाले आणि उठून त्याला हात दिला.

बसल्यावर शेठ म्हणाला, "आईचं नाव परत लावावं म्हंतो. विहिरीवर."

"ते मला इचारू नकोस. धोंडाबाईला इचार."

माझ्या जीपमधून आम्ही तिघं गेलो. वहिनी आल्या नाहीत. त्यांचे गुडघे धरले होते. धोंडाबाई विहिरीवरच भेटली. केस पिकलेले, पण पोहरा ओढण्याचा जोर तोच. शेठ काठावर टेकला आणि त्यानं ओंजळ पुढं केली. ती अप्पांकडं बघायला लागली. अप्पा दुसरीकडं बघत राहिले. मग तिनं पाणी ओतलं. शेठ प्याला, थांबला, म्हणाला, "थोडं मचूळ हाय."

"दुस्काळात गोड लागायचं," धोंडाबाई म्हणाली.

मग त्यानं नावाचं विचारलं. सरळ, अजीजीनं विचारलं. धोंडाबाई अवघडली. "लावा की सेठ. पर वस्तीत समदे हिला गंगाक्काची हीर म्हंतेत. फरशीवर एक आन तोंडात एक, असं व्हईल बगा." अप्पांचे कान लाल झाले होते. बायकोचं कौतुक चारचौघांत ऐकायची त्यांना सवय नव्हती. "मग तेच असू दे," शेठ म्हणाला. त्यानंतर चन्नप्पाशेठनं किनवटच्या जंगलपट्ट्यात, इस्लापूरजवळ, वाड्या-पाड्यांवरच्या मुलांसाठी वसतिगृह बांधलं आणि त्यावर कुणाचंच नाव घातलं नाही. काठी टेकत तो तिथं जाऊन मुलांबरोबर जेवूनही यायचा. त्याच्या माघारी ते वसतिगृह ज्यांच्या हाती गेलं त्यांनी आपल्याच नात्यातली मुलं भरली. अप्पा भांडायला गेले, भांडले, हरले. गंगावहिनी गेल्या त्या वर्षीची ही गोष्ट. विहीरसुद्धा आता कोरडी आहे. चहूकडं बोअर झाल्यावर आटली. मी हे लपवत नाही, कारण अप्पांनी कधी लपवलं नाही. "टिकलं तेवढं टिकलं," असं म्हणून ते पुन्हा चपला घालायचे.

परवा मी चष्मा लावून लातूरला गेलो. दुकान केव्हाच बंद झालंय, मागची खोली तशीच आहे. खुर्ची नाही. खाली एक सतरंजी, तिच्यावर देणाराही बसायचा आणि मागणाराही. भिंतीला अप्पांच्या पाठीचा तेलकट डाग. महानंदा शाळेत शिकवून नुकतीच आली होती आणि बोलायच्या मनःस्थितीत नव्हती. तेवढ्यात दारात गाडी थांबली. पुण्याहून एक तरुण जोडपं आलं होतं. कसला तरी उद्योग चांगला चालला होता, मराठवाड्यातल्या एखाद्या गावासाठी काही करायचं मनात होतं, कुणीतरी अप्पांचं नाव सांगितलं होतं. ते गेल्याचं ऐकून दोघंही ओशाळले, उठू लागले. महानंदानं त्यांना बसवलं, चहा दिला. मग अगदी सहज विचारलं, "कोणासाठी करायचंय?"

"एखाद्या गावासाठी. जिथं गरज असेल..."

"गाव नको. एका माणसाचं नाव सांगा."

अप्पा येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्यांदा हेच विचारायचे. त्या दोघांकडं नाव नव्हतं. "मग आधी कुठंतरी चार दिवस राहून या," महानंदा म्हणाली, "नाव कळलं की सांगा. मी इथंच असते." ती दोघं बरं म्हणून गेली. परत येतील का, माहीत नाही. अशी गेलेली पुष्कळ माणसं यायची नाहीत.

महानंदा भिंतीला टेकून बसली, बरोबर त्या डागापाशी. म्हणाली, "काका, मला हे जमायचं न्हाई."

"अप्पांना तरी कुठं जमत होतं," मी म्हणालो.