काकूच्या छातीइतकी उंची

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. पुढे तुम्हाला ते कळणारच आहे.

काकू माझ्या अगदी उलट. बोलणं कमी, काम जास्त. उंचीला माझ्या खांद्याखालीच. आम्ही दोघी रस्त्याने निघालो की न्हावी दुकानातून ओरडायचा, "आली बघा शिडी आणि पाट!" गावाने तिचं नाव फूटपट्टी ठेवलं होतं. एक तर उंचीमुळे, आणि दुसरं म्हणजे गावाच्या जंगलातली झाडं तीच मोजायची.

त्याआधी तिचं आणि जंगलाचं नातं चोर-शिपायाचं होतं. काका लवकर गेले. ही मोळी आणायची, विकायची आणि त्यावर घर चालवायची. रखवालदाराने दोनदा तिचा कोयता जप्त केला, सगळ्यांदेखत. मग वनकार्यालयाने गावाशी दहा वर्षांचा करार केला. जंगल गावाने राखायचं, जेवढं वाढेल त्याहून कमी तोडायचं, वाळकं सरपण गावाचं. पण वहीत खोट निघाली तर करार खलास, कुंपण घालून जंगल बंद. मोजणीला कोण, असा प्रश्न आला तेव्हा समितीचे अध्यक्ष, म्हणजे आमचे सुतारदादा, म्हणाले, "फूटपट्टीला द्या. कुठलं झाड कुठे आहे, ते चोराइतकं कुणाला ठाऊक?" सगळे खो खो हसले. काकू मात्र दुसऱ्याच दिवशी टेप घेऊन हजर.

कार्यालयातून एक माणूस शिकवायला आला होता. "घेर छातीच्या उंचीवर घ्यायचा," एवढं सांगून, चहा पिऊन गेला. झालं शिक्षण.

दोनशे झाडांवर नंबर टाकले होते. दरवर्षी काकू मापायची, मी वहीत लिहायची. नंबर माझ्यासाठी, तिने झाडांना नावंच ठेवली होती. एक होतं 'जावई'. सगळ्यात चांगल्या जागी बसलेलं, आणि वाढायचं नाव नाही. "बोल, जावयाचा आकडा," मी म्हणायची. "आहे तिथेच आहेत महाराज," ती म्हणायची. तिसऱ्या वर्षापासून ती एक काठी बरोबर आणू लागली. घरी ती काठी स्वयंपाकघराच्या दारामागे असायची. एकदा मी त्या काठीने जळमटं काढली, तर कधी नव्हे ती काकू माझ्यावर खेकसली, "ती ठेव आधी जागेवर!" मला वाटलं, म्हातारपणाचा हट्ट. जंगलात ती प्रत्येक झाडाला काठी टेकवायची, मी समजायची दम खातेय. पुढे तिच्या पाठीला बाक आला, तेव्हा मला त्याची खात्रीच पटली.

दहाव्या वर्षी करार पुन्हा करायचा की नाही ते ठरवायला तपासणीवाल्या मॅडम आल्या. स्वच्छ बूट, गळ्यात शिट्टी, हातात स्वतःची टेप. आम्ही सगळे मागे मागे. काकूला त्या दिवशी काही काम नव्हतं, म्हणून ती रिकाम्या हाती आली होती. मॅडमनी पहिलं झाड मापलं, वहीतला गेल्या वर्षीचा आकडा पाहिला आणि कपाळाला आठी घातली. दुसरं मापलं. पाचवं. दहावं.

"झाडं वर्षभरात बारीक कशी झाली?" त्यांनी विचारलं. "प्रत्येक झाड चार-सहा सेंटिमीटरने कमी भरतंय. ही वही खोटी आहे."

सुतारदादांचा चेहरा उतरला. आणि मी? मी काय करावं? सगळ्यांसमोर काकूवरच उसळले. "दहा वर्षं काय मापत होतीस गं? साधी टेप धरता येत नाही? गेलं ना आता जंगल तुझ्यामुळे!"

जीभ झडली असती तर बरं झालं असतं. काकू माझ्याकडे पाहत राहिली. कोयता हिसकावला होता तेव्हा ती रखवालदारापुढे जशी उभी राहिली होती, अगदी तशीच.

"चोर होते मी, ते खरं," ती हळूच म्हणाली. "पण आकडा कधी चोरला नाही." आणि पाठ फिरवून घराकडे चालू लागली.

मॅडम कागद आवरत होत्या, तेवढ्यात ती धापा टाकत परत आली. हातात दारामागची काठी. तिने ती जावयाच्या बुंध्याला उभी लावली, काठीच्या टोकाशी टेप गुंडाळली आणि मॅडमना म्हणाली, "वाचा."

मॅडमनी वाचलं. गेल्या वर्षीपेक्षा तीन रेघा जास्त. पुढचं झाड, बोटभर जास्त. एकामागून एक वीस झाडं मापली, सगळी वाढलेली.

"पण इतक्या खाली का मापता?" मॅडमनी विचारलं. "छातीची उंची म्हणजे साडेचार फूट. खाली बुंधा जाडच भरणार."

"कुणाच्या छातीची?" काकूने विचारलं. "मला म्हणाले छाती. मी माझी घेतली."

मॅडम हसू दाबत होत्या. "मग काठी कशाला?"

"माझी आई म्हातारपणी वाकली. मीही वाकणार, ते दिसतच होतं. म्हणून पाठ ताठ होती तेव्हाच छातीइतकी काठी कापून ठेवली. माणूस खाली येतं हो, झाड कुठे खाली येतं?"

मॅडमनी काठीला आपली टेप लावून पाहिली. मग त्यांनी शेऱ्यात लिहिलं की दहा वर्षांची सगळी मापं एकाच उंचीवर घेतलेली आणि भरवशाची आहेत. आणखी दहा वर्षांसाठी सही झाली. यापुढे साडेचार फुटांवर मापा, असं त्यांनी सांगितलं, आणि जुन्या मापांशी मेळ तुटू नये म्हणून काठीच्या उंचीवरही.

मी काकूची माफी मागितली. ती म्हणाली, "आकडा लिहिलास ना नीट? मग झालं." पण माझं काही झालं नाही. ते शब्द मला अजून टोचतात.

काकू गेली त्याला आता तीन वर्षं झाली. मोजणी माझ्याकडे आली. साडेचार फुटांचं माप मी उभ्या उभ्या घेते. मग काठी लावते, आणि माझ्यासारख्या शिडीला कमरेत वाकावं लागतं. दोनशे झाडं, दोनशे वेळा. न्हावी म्हणतो, बसून माप की. मी बसत नाही.