साडेदहाच्या आतलं कार्ड

नवरीचा हात हारासकट हवेत थांबला तो थांबलाच. सौंदर्यानं माऊस सोडला, पदरानं मान पुसली आणि वाट पाहत बसली. खऱ्या लग्नात त्या मुलीनं एकदाच हार घातला होता. सौंदर्याच्या कॉम्प्युटरवर ती गेले चार दिवस घालत होती.

तमिळनाडूत, दारासुरमच्या कडेला, घराच्या मागच्या खोलीत, सौंदर्या लग्नांचे व्हिडिओ एडिट करते. अकरा वर्षं झाली. नवरा साईकुमार मस्कतला. काम देतो कुंभकोणमचा स्टुडिओवाला नटराज. कुठली आत्या कुठल्या मामीशी बोलत नाही, हे सौंदर्याला नुसतं बघून कळतं, आणि त्या दोघींना ती कधी एकामागोमाग येऊ देत नाही. आजवर कुणाची तक्रार नाही. पण नटराजचे कॅमेरे नवे आले, चित्र चौपट मोठं झालं, आणि तिचा कॉम्प्युटर होता तोच राहिला.

"सोमवारी सकाळी पाहिजे, अक्का," नटराज फोनवर म्हणाला होता. "जमत नसेल तर सांगा. तंजावरला एक जण आहे. मग पुढचंही त्यालाच देत जाईन." रागानं म्हणाला नाही, तेच जास्त लागलं.

म्हणून ग्राफिक्स कार्ड, चित्र न अडकता चालावं यासाठी. तीन आठवडे भाजी चिरता चिरता तिनं मोबाइलवर माहिती ऐकली आणि वहीत लिहिली. एका पंख्याचं, आखूड, वेगळी पॉवरची वायर न लागणारं. सहा जीबी मिळालं तर बरं, नाहीतर चार. कॅबिनेटमध्ये जागा वीस सेंटिमीटर.

शुक्रवारी सासरेही बरोबर निघाले. कृष्णमूर्तीराव पोस्टातून निवृत्त झालेले. घरात मराठी, बाहेर तमिळ, आणि दोन्हीकडे पंचांग.

"साडेदहाला राहुकाळ लागतो. त्याच्या आंत घेऊन बाहेर पडायचें."

"दुकान दहाला उघडतं, मामंजी."

"मग अर्धा तास आहे कीं. तेवढ्यांत लग्नें लागतात."

दुकानदार जयकुमारनं काउंटरवर दोन कार्डं ठेवली. एक सौंदर्याच्या वहीतलं. दुसरं वापरलेलं, दोन पंख्यांचं, किंमत तेवढीच. कृष्णमूर्तीरावांनी दोन्ही हातांवर तोलून पाहिली, पितळी भांडी घेताना पाहतात तशी.

"हें जड आहे."

"जड असून काय करायचं?"

"वजनांत खोट नसते, गे."

जयकुमार तमिळमध्ये म्हणाला, "अक्का, याला आठ पिनांची वायर लागते. तुमच्याकडे आहे? कॅबिनेट मोजलंय?"

"दहा बावीस," सासरे घड्याळ बघत म्हणाले.

वही पिशवीत होती, पिशवी पायाशी. वाकायचं, काढायची, पान शोधायचं, मग मामंजींना समजावायचं. सौंदर्याच्या डोळ्यांवर चार दिवसांची झोप होती.

"द्या ते जडच," ती म्हणाली.

घरी कॅबिनेट उघडलं तर कार्ड दोन बोटं जास्त लांब. हार्ड डिस्कला अडत होतं. आठ पिनांची वायर तर अख्ख्या कॅबिनेटमध्ये नव्हती. ती कार्ड मांडीवर घेऊन फरशीवर बसून राहिली.

"जरा दाबून बसव."

"इडलीपात्राचं झाकण नाही हे, मामंजी. मी बदलून आणते."

"आत्तां? राहुकाळ आहे. बारानंतर जा."

"बारानंतर दुकान बंद, ते थेट चारला उघडतं. आज संध्याकाळपर्यंत निम्मं लग्न जोडून झालं नाही तर सोमवार गेला." तिचा आवाज चढला नाही, चढवायला अंगात काही उरलं नव्हतं. "जाऊ दे. तंजावरच्यालाच मिळू दे काम. मी झोपते."

कृष्णमूर्तीरावांनी खुंटीवरचा शर्ट काढला.

"दे तें इकडे."

"आणि राहुकाळ?"

"राहुकाळांत घेऊं नये. परत द्यायला कोण नको म्हणतो?"

"बदल्यात दुसरं घ्याल, त्याचं काय?"

"घेणें सकाळींच जाहलें," ते बटणं लावत म्हणाले. "साडेदहाच्या आंत."

तिनं वहीतलं पान फाडून त्यांच्या खिशात घातलं.

ते मोपेडवरून परतले तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. हातात छोटं खोकं.

"जयकुमार हसला?"

"हसला नाहीं. चिठ्ठी वाचली नि म्हणाला, सार, ज्यानं हें लिहिलें त्याला घेऊन यायचें होतें."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलें, आणलें होतें."

या वेळी कार्ड खटकन बसलं. सौंदर्यानं स्क्रू आवळला, कॉम्प्युटर सुरू केला, जे काय सॉफ्टवेअर घालायचं ते घातलं आणि लग्न उघडलं. व्हिडिओ चालू करायच्या बटणाजवळ बोट नेलं आणि थांबली. सासरे मागच्या खुर्चीत होते, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाठ करून.

"बारा वाजलेच असतील, नाहीं?" ते म्हणाले.

स्क्रीनच्या कोपऱ्यात अकरा अठ्ठेचाळीस दिसत होते.

"वाजलेच," ती म्हणाली, आणि बटण दाबलं.

हार गळ्यात पडला. चित्रात मागे कुणीतरी हसलं, अक्षता उडाल्या. कुठेही अडकलं नाही.

"जेवून घे आधी," सासरे म्हणाले.

"हा एवढा हार संपवते," म्हणत तिनं पुढचा तुकडा ओढला. भूक आहे की झोप, ते तिला नीट कळत नव्हतं.