म्हणाले, श्वास कमी पडतो

माइक रायरुंच्या हातात होता आणि सॅक्सोफोन माझ्या गळ्यात, नुकताच फुसफुसून बंद पडलेला.

"असू द्या, असू द्या," रायरु म्हणाले. "आमच्या टेलरला कापायला सांगा, शिवायला सांगा, म्हैसुरात जोड नाही. पण हे श्वासाचं काम आहे. श्वास पिढ्यांतून यावा लागतो."

पुढच्या रांगा हसल्या. तिथं वकील, प्रोफेसर, बँकेतले निवृत्त साहेब. मग मागच्या रांगा हसल्या. तिथं आमचे लोक. शिवणारे, काज-बटण करणारे. पुढचे हसल्याशिवाय मागचे हसत नाहीत, ही आमच्या मंडळाची शिस्त.

मीही हसलो. लाज वाटते, पण लिहायला बसलोय तर लिहितो. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसलो. माइकजवळ उभा होतो, त्यामुळे माझं हसू स्पीकरमधून हॉलभर गेलं. त्या संध्याकाळी माझ्याकडून तेवढंच एक स्वच्छ वाजलं. वर मी रायरुंना वाकून नमस्कारही केला. मग खाली उतरलो आणि सवयीनं पंगतीत ताटं मांडायला गेलो.

मी म्हैसूरच्या अग्रहार भागात शिलाईचं दुकान चालवतो. वय बावन्न, डोक्यावर केस मोजके, रक्तात साखर भरपूर. घरात विठ्ठलाशी मराठी, बायकोशी भांडण कन्नडात आणि डॉक्टरांशी इंग्रजी. रायरु म्हणजे आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले इंजिनिअर. मूळचे राव, पण इथल्या रिवाजानं सगळे रायरु म्हणतात. त्यांचे कपडे आधी माझे वडील शिवायचे, मग मी. ते मला अरे-तुरे करतात. माझ्याहून फार तर चौदा वर्षांनी मोठे असतील.

या वयात सॅक्सोफोनचं खूळ कुठून आलं, असं बायको अजून विचारते. ते आलं एच. डी. कोटे नावाच्या जवळच्या गावाहून. एका लग्नात नवरदेवाचा कोट पोचवायला गेलो होतो. आमच्याकडे लग्नात सॅक्सोफोन वाजतोच. वाजवणाऱ्याच्या झब्ब्याचं बटण ऐन मुहूर्ताआधी तुटलं. सुई-दोरा माझ्या खिशात असतोच. मी बटण लावेपर्यंत त्यानं वाद्य माझ्या मांडीवर ठेवलं. त्याच्या श्वासानं ते अजून गरम होतं. निजलेलं मूल मांडीवर घेतल्यासारखं. बटण लावून झालं तरी मी ते सोडेना. शेवटी तो म्हणाला, "कोडी सार, मुहूर्त जवळ आला." द्या म्हणून हात पुढे केला, तेव्हा दिलं.

पुढच्या आठवड्यात वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकानदारानं एक नवा, साधा सॅक्सोफोन काढून दिला. "ऊदि नोडी," म्हणाला. फुंकून बघा. शेजारी कॉलेजातली दोन मुलं गिटार बघत होती. मला लाज वाटली. मोठ्या माणसानं चारचौघांत गाल फुगवायचे? मी वाद्य उलटं-सुलटं केलं, कापडाचा पन्ना बघावा तसं बघितलं आणि म्हणालो, "घरी विचारून सांगतो." बायकोला विचारून मी आयुष्यात काही घेतलेलं नाही. मी विचारायच्या आधीच ती नाही म्हणते.

हे मी रायरुंना सांगितलं. त्यांच्याकडे मापाला गेलो होतो तेव्हा. घरापुढच्या कट्ट्यावर, आम्ही ज्याला जगली म्हणतो तिथं, ते बनियनवर उभे राहतात आणि मी टेप लावतो. माप नेहमी त्यांच्या आंघोळीआधी. वडिलांच्या वेळेपासून. मला कित्येक वर्षं वाटायचं, त्यांना सकाळची वेळ सोयीची पडते.

"दुकानातले पत्र्याचे डबे कशाला घेतोस?" रायरु म्हणाले. "माझा घे. परदेशातून आणलेला आहे. मला आता वेळ होत नाही."

पेटी बाहेर आली. उघडली. आणि मी गेलोच. आत मरून रंगाची मखमल, दुहेरी शिलाई, कोपरे असे वळवलेले की टाका कुठं संपला ते दिसू नये. शिंपी माणूस लग्नात नवरी बघत नाही, तिचा ब्लाउज बघतो. मी सॅक्सोफोन बघितलाच नाही. ज्या वस्तूला असं अस्तर लावलंय ती वस्तू खोटी कशी असेल?

"जरा फुंकून बघू का?" मी विचारलं. दुकानात जे जमलं नाही ते इथं, ओळखीच्या दारात, जमेल असं वाटलं.

"इथं तोंड लावू नको. आत सोवळ्यात स्वयंपाक चाललाय. आणि माउथपीस माझा मी ठेवलाय. उष्टी वस्तू ती. तू नवीन घे."

बरोबर आहे, मी म्हटलं. त्यांच्या उघड्या दंडाला टेप लावलेला माझा हात चालतो. त्यांच्या कट्ट्यावर सोडलेला माझा श्वास चालत नाही. हे मला तेव्हा सुचलं नाही. तेव्हा मी उपकारानं वाकलो होतो. ते म्हणतील ती किंमत दिली, पेटी छातीशी धरून रिक्षात बसलो आणि वाटेत दोनदा उघडून मखमलीवरून हात फिरवला.

मग सहा महिने. मोबाइलवर एक मास्तर शोधला. तो म्हणायचा, खालचे सूर निघत नसतील तर पोटातून श्वास घ्या. वरचे चार सूर माझे निघायचे, घोगरे का होईना. खाली उतरलं की फुस्स. मी पोटातून घेतला. पाठीतून घेतला. चामुंडी टेकडीच्या हजार पायऱ्या रोज सकाळी चढायला लागलो, दम वाढावा म्हणून. मिरी घालून मध चाटला, साखरेचं औषध वाढलं. कुणीतरी सांगितलं, फुगे फुगवा.

"री, अहो, घरभर फुगे झालेत," बायको म्हणाली. "कुणाचा बड्डे?"

"दम वाढवतोय."

"अय्यो, माझ्याशी भांडताना कधी कमी पडला नाही तो!"

मी ऐकलं नाही. मला पटलं होतं की खोट माझ्यातच आहे. चाव्यांखालचे, भोकं झाकणारे चामड्याचे पॅड कडक झालेले, कडेला चिरलेले मला दिसत होते. डोळ्यांनी दिसत होते. कापडात असं दिसलं असतं तर गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगितलं असतं, हे टिकायचं नाही. पण वस्तू रायरुंच्या घरची. त्यांच्या वस्तूपेक्षा माझ्या छातीवर संशय घेणं मला सोपं गेलं. गंमत बघा. त्यांची छाती मी तीस वर्षं मोजतोय. चौतीस. माझी अडतीस.

मंडळाच्या कार्यक्रमात वाजव असा आग्रह रायरुंचाच. "आमचा टेलर वाजवणार" म्हणून त्यांनीच नाव घातलं. पुढे काय झालं ते वर सांगितलंच.

त्या रात्री बायको थट्टा करील म्हणून मी तयार होतो. तिनं केली नाही. पाणी दिलं आणि म्हणाली, "तुम्ही का हसलात?"

मी पाणी पिऊन पेला उपडा घातला.

सॅक्सोफोन परत करायचं ठरवलं. कुणाची वस्तू परत द्यायची तर स्वच्छ करून द्यावी, ही आमच्या धंद्याची रीत. उसवलेलं शिवून, इस्त्री करून. म्हणून मंडी मोहल्ल्यात बाबाजान आहेत, बँडवाल्यांची वाद्यं दुरुस्त करतात, त्यांच्याकडे घेऊन गेलो. म्हटलं, जरा पुसून चकचकीत करा, मालकाला परत द्यायचाय.

"का परत?"

"माझा दम पुरत नाही."

बाबाजाननी माझ्याकडे वर-खाली बघितलं. मग भर दुपारी शटर ओढलं. बारीक दिव्यांची एक माळ वाद्याच्या पोटात सोडली, बटण दाबलं आणि एकेक चावी बोटानं बंद करायला लागले. बंद चावीखालून अंधार दिसायला पाहिजे. तिथं उजेड दिसत होता. प्रत्येक चावीच्या कडेनं. एका ठिकाणी रेघ, एका ठिकाणी टिपका, सगळ्यांत खालच्या मोठ्या चावीखाली तर चंद्रकोर.

"दम तो है तुमारे में, मास्टर," ते म्हणाले. "बाजाच खराब है. इसमें हाथी भी फूँकेगा तो नीचे का सुर नहीं आएगा."

मी बघत राहिलो. माझे सहा महिने तिथून बाहेर पडत होते. पायऱ्या, मध, फुगे.

बाबाजाननी शटर वर केलं आणि वाद्याचा गळा उजेडात धरला. त्याच्यावरचा पोचा बघून ओळख पटली. हा सॅक्सोफोन आधी त्यांच्याकडे आला होता, म्हणाले. सगळे पॅड बदलावे लागतील, गळा सरळ करावा लागेल, तोपर्यंत हा वाजणार नाही, असं त्यांनी मालकाला स्वतः सांगितलं होतं. मालक म्हणाले होते, राहू द्या, कुणाला तरी देऊन टाकतो.

कुणाला तरी.

तो मी.

म्हणजे रायरुंना ठाऊक होतं. पेटी उघडली तेव्हा ठाऊक होतं. माउथपीस काढून ठेवला तेव्हा ठाऊक होतं. माझं नाव कार्यक्रमात घातलं, मला स्टेजवर चढवलं, माइक घेतला, पिढ्यांचा श्वास म्हणाले, तेव्हाही ठाऊक होतं. गळकी वस्तू हातात द्यायची आणि मग सगळ्यांसमोर म्हणायचं, याचा श्वास कमी पडतो. मला एकदम वडील आठवले. म्युनिसिपालिटीच्या शाळेतून चौथीत काढलेले. मास्तरांनी सांगितलं होतं, याच्या डोक्यात शिरत नाही. वडील ते आयुष्यभर खरं मानून मशीन चालवत राहिले.

मी रायरुंकडे गेलो नाही. दहा दिवसांनी तेच दुकानात आले. हातात कोटाचं उंची कापड.

"टेलर, पुतण्याचं लग्न आहे. माप आहेच तुझ्याकडे."

"रायरु, तो सॅक्सोफोन गळतो."

"जुनी वस्तू आहे. थोडं गळणारच."

"बाबाजाननी तुम्हाला सांगितलं होतं. हा वाजणार नाही म्हणून."

त्यांनी कापड माझ्यापुढे ठेवलं. मग हसले. "अरे, तुला कुठं मैफल करायची होती? शिकायला एवढं पुरे."

"आणि स्टेजवर बोललात ते?"

"गंमत केली रे. तू पण हसलास की!"

हे त्यांनी अचूक मारलं. सगळ्या हॉलनं ऐकलं होतं माझं हसू.

"हसलो," मी म्हटलं. "ते माझं चुकलं. तुमचं काय चुकलं ते तुम्ही बघा." कापड उचललं, नीट घडी घातली, कारण कापडाचा काही दोष नव्हता, आणि त्यांच्या हातात ठेवलं. "तुमच्या घरचं काम मी आता घेत नाही."

"बरं नाही का तुला?"

"बरा आहे मी. आणि अहो म्हणा मला. बावन्न वर्षांचा आहे."

ते कापड काखेत मारून गेले. ते वळणापलीकडे जाईपर्यंत मी मशीनमागे स्टुलावर बसून होतो. लोक उभं राहून बंड करतात म्हणे. माझं बसून झालं.

त्यानंतर काय? कुणी पाठ थोपटली नाही. पुढच्या रांगेतली चार घरं गिऱ्हाईक म्हणून तुटली. ते अपेक्षित होतं. लागलं ते मागच्या रांगेचं. माझ्याच लोकांनी आधी बोलणं सोडलं. "एवढ्यासाठी रायरुंचं घर सोडलं?" माझ्या चुलतभावानं विचारलं. "उद्या मंडळाचं काम आमच्या हातून गेलं तर?" मी त्याला म्हटलं, तू ताटं मांड. तो अजून रागावलेला आहे. मीही.

मी पुन्हा वाद्यांच्या दुकानात गेलो. या वेळी बायको बरोबर होती. दुकानदारानं तीन वाद्यं काढली. मी तिन्ही फुंकली. भर दुकानात, गाल फुगवून, शेजारी शाळेतली पोरं तोंडावर हात धरून उभी असताना. पहिल्याचा खालचा सूर अडखळला, बाजूला ठेवला. दुसरं बोटांना जड, बाजूला. अस्तराकडे बघितलंच नाही. तिसऱ्यानं तळातून आवाज दिला. रेडा हंबरल्यासारखा होता, पण अखंड होता, आणि माझ्या छातीतून आला होता. दुकानदार म्हणाला, "साकु सार, साकु!" पुरे म्हणून. मी आणखी एकदा फुंकला.

"हाच," बायको म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं आधी हो म्हटलं.

यंदाच्या कार्यक्रमाची यादी मंडळात लागली आहे. काल जाऊन मी स्वतःच्या अक्षरात नाव लिहून आलो. टेबलावर बसलेले गृहस्थ म्हणाले, "अध्यक्षांना विचारावं लागेल."

"विचारा," मी म्हटलं.

अजून मला वाजवता येत नाही. एक भजन कसंबसं जमतंय, तेही मध्ये अडकतं. यंदा मी वाईटच वाजवीन. पण ते वाईट माझं असेल, कुणी माझ्या हातात दिलेलं नसेल. आणि त्यांनी माझं नाव खोडलं तर मी हॉलसमोरच्या रस्त्यावर उभा राहून वाजवीन. कार्यक्रमाच्या वेळी खिडक्या उघड्या असतात. पुढच्या रांगेपर्यंत ऐकू जातं. बायकोला आत बसवून मी फुंकून बघून आलोय.