कुणी न घेतलेलं पिस्तूल

सुरतेत कतारगामच्या खोलीत मी एकटाच राहायचो. बायको अमळनेरला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, मुलगी तिच्याजवळ. यंत्रमागाचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी डिझायनर होतो. एक दिवस शेठनी केबिनमध्ये बोलावलं आणि सांगितलं, परवाना मिळालाय, आता लष्करासाठी पिस्तूल बनवायचं. मी म्हटलं, "शेठ, मी आयुष्यात पिस्तूल हातात धरलेलं नाही." ते हसले. "थई जशे." होऊन जाईल म्हणे.

माझ्या जोडीला नांदेडकडचे एक निवृत्त सुभेदार आले. फौजेत त्यांनी हत्यारं दुरुस्त करण्यातच नोकरी काढली होती. वेगळी शेड, दाराशी पहारा, आत जाताना मोबाइल काढून द्यायचा. घरीसुद्धा काही बोलायचं नाही, असं लिहून घेतलेलं. बायकोला एवढंच माहीत होतं, की नवीन मशीनचं काम चाललंय.

चाप ओढला की एक गोळी सुटावी, रिकामी पुंगळी बाहेर पडावी आणि पुढची गोळी आपोआप नळीत यावी. सांगायला इतकं सोपं. पण पहिलं पिस्तूल दुसऱ्याच गोळीला अडकलं. सुभेदार माझ्या टेबलाशी येऊन उभे राहायचे, "काय करायलाव, साहेब?" मी रेखाचित्र दाखवायचो. दुपारी डबा आम्ही एकत्रच खायचो. दिवसभरात मराठी माझ्या कानावर पडायचं ते तेवढंच.

वाळवंटातल्या पहिल्या चाचणीत आम्ही हरलो. पिस्तुलं वाळूत पुरून काढली, झटकली आणि गोळ्या झाडायला घेतल्या. पुंगळ्या बाहेर पडायच्या खाचेतच अडकून बसल्या. परतीच्या गाडीत सुभेदारांनी बुटांतली वाळू खिडकीबाहेर झटकली. मग म्हणाले, "वाळूला जायला वाट ठेवली नाही आपण. सगळं लई घट्ट बसवलंय." मला तोवर घट्ट बसणं म्हणजेच चांगलं काम वाटत होतं. परत आल्यावर आम्ही आत फट ठेवली, पुंगळी ओढणारा आकडा रुंद केला, त्याची स्प्रिंग बदलली.

दुसऱ्या चाचणीत एकही पिस्तूल अडलं नाही. गोळीबाराच्या जागेभोवती बांधलेल्या दोरीच्या अलीकडे उभं राहून मी फक्त आवाज ऐकत होतो. एकापाठोपाठ एक, मध्ये कुठेही न थांबता. तिथल्या अधिकाऱ्याने जाता जाता "बढ़िया है" म्हटलं आणि सुभेदारांनी माझा खांदा असा दाबला, की दुखला.

मी बाजूला जाऊन घरी फोन लावला.

"काम झालं," म्हणालो.

"कोणतं?"

"मशीनचं."

"बरं झालं. मंग कव्हय येशात घर?"

येतो लवकरच, म्हणालो. पिस्तुलाचं तर तिला सांगता येत नव्हतं. फोन ठेवून मी तसाच उन्हात उभा राहिलो. इतकं एकटं मला कतारगामच्या खोलीतही कधी वाटलं नव्हतं.

त्यानंतर सुरू झालं वर्षानुवर्षं वाट बघणं. लष्कराची गरज बदलली; वर दुर्बीण बसेल असं पिस्तूल हवं म्हणाले. आम्ही तसं केलं. तेवढ्यात ती खरेदीच रद्द झाली. पोलिसांकडे गेलो, तर आधी मोठा पुरवठा केलेलाच पुरवठादार त्यांना हवा होता. सामान्य माणसाला त्या मापाची गोळी बाळगायला बंदी, म्हणून दुकानात ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. शेठनी बंदी नसलेल्या लहान मापाचंही करून पाहिलं. बंदुकांचे दुकानदार हातात घेऊन म्हणायचे, माल सरस आहे, पण गिऱ्हाईक नाव विचारतं. आमच्या पिस्तुलाला नाव नव्हतं.

शेड बंद करायचं ठरलं. नमुने सरकारी माणसासमोर कापून नष्ट करायचे होते. "मी काही बघत नाही," म्हणून सुभेदार बाहेर निघून गेले. कापणाऱ्याच्या हातात एकेक पिस्तूल मीच देत होतो. दर वेळी आधी ते उघडून आत गोळी नाही ना, हे पाहायचो. तसा नियमच होता. वरचा सरकता भाग, स्लाइड, अगदी अलगद मागे जात होती.

सुभेदार त्याच आठवड्यात गावी गेले. मला सुरतेजवळ पलसाण्याला, कापड रंगवायच्या यंत्रांच्या कारखान्यात काम मिळालं.

नवी नोकरी सुरू व्हायच्या आधी मी अमळनेरला गेलो. सगळं संपल्यावर आता लपवायचं काय, असं वाटलं आणि बायकोला सांगून टाकलं, की इतकी वर्षं मी पिस्तूल करत होतो. ती पोळ्या लाटत होती. हात थांबला.

"चांगलं झालं होतं का?"

"हो. फार चांगलं."

तिने लाटलेली पोळी तव्यावर टाकली. मग हळूच म्हणाली, "बरं झालं, कुणी घेतलं नाही. आपल्या हातच्या वस्तूने कुणी मेलं तर नाही."

तिचं चुकलं असं मला म्हणता येईना, आणि बरोबर आहे असंही तोंडातून निघेना. तिने ताट वाढलं. मुलगी शेजारी येऊन बसली, शाळेतलं काहीतरी सांगू लागली. मी ऐकत जेवलो आणि सोमवारी सकाळच्या गाडीने सुरतेला परतलो.