उताऱ्यातला शंकर

महानंदाचा प्रीलिमचा इंग्रजीचा पेपर हातात घेऊन मी वर्गात उभा होतो आणि मला राग आला होता. उताऱ्याखालची पाच वाक्यं पूर्ण करायची होती. दोन बिनचूक. दोन ठिकाणी शेवटचा शब्द नाही, जागा कोरी. पाचव्याची तर सुरुवातच गायब. तिथे आडवी रेघ आणि पुढचं सगळं बरोबर.

सत्तरच्या दशकात मी सोलापुरात प्रौढ स्त्रियांच्या शाळेत इंग्रजी शिकवायचो. नुकताच बी.एड. झालो होतो. शाळा मध्येच सुटलेल्या बायका घरचं आवरून दुपारी यायच्या आणि एसएससीला बसायच्या.

'वाक्य पूर्ण करा' हा मार्क मिळवून देणारा प्रश्न. पूर्वी न वाचलेला एक उतारा देतात, खाली अर्धी वाक्यं. उरलेला अर्धा भाग उताऱ्यातच असतो. मी सांगायचो, अर्ध्या वाक्यातला ठळक शब्द पकडा, उताऱ्यात तो शोधा, मागची-पुढची ओळ वाचा, लागेल तेवढंच उचला आणि वाक्य पूर्ण लिहून काढा. महानंदाला हे छान जमायचं. व्याकरणात ती अडायची, त्यामुळे तिची सगळी भिस्त या मार्कांवर. आधी एकदा ती इंग्रजीत नापास झाली होती. या खेपेला विषय सुटला नाही तर नर्सिंगच्या कोर्सची वयाची अट ओलांडली जाणार होती.

उतारा शंकर नावाच्या नावाड्याचा होता. त्याने बुडणारं मूल वाचवलेलं.

"महानंदा, मूल कुणी वाचवलं?" मी विचारलं.

तिने माझ्या हातातल्या पेपरकडे नुसतं बोट दाखवलं.

"सोपं तर आहे. लिहायला काय झालं? नवऱ्याचं नाव आहे का ते?"

वर्ग हसला. मीही हसलो. महानंदाने मान खाली घातली ती तास संपेपर्यंत वर केली नाही.

तास सुटल्यावर तिच्या शेजारी बसणारी नसीम मागे थांबली. "सर, मरद का नामच है उसके वो. तुम हँसे, बुरा लगा उसकू."

मी मुख्याध्यापिका बाईंकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं. "बोर्डाच्या उताऱ्यात शंकर आला तर?"

"कोरं सोडेल."

"मग हसलात तुम्ही, मार्गही तुम्हीच काढा."

दुसऱ्या दिवशी मी महानंदाची माफी मागितली. तिने ती ऐकून न ऐकल्यासारखी केली.

"सासूबाई म्हणत्यात, नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं," ती म्हणाली. "एरवी मी मनावर घेतलं नसतं, सर. पन ह्यांची छाती बरी न्हाय. डॉक्टर म्हनले, लूमवरचं काम सोडा. म्हनून तर माझी ही परीक्षा."

तिचा नवरा टॉवेलच्या कारखान्यात पॉवरलूम चालवायचा. सुताचा फुफाटा छातीत बसलेला.

"पण उखाण्यात घेता की नाव," मी म्हणालो.

"तितं चालतंय. बायका दार अडवून धरत्यात. घेतल्याबिगर आत सोडत न्हाईत."

"बोर्डवालेही दार अडवूनच उभे आहेत, महानंदा."

तिला हसू आलं, पण ती म्हणाली, "ह्यांना इचारते."

पुढच्या दुपारी सायकलवरून तिला सोडायला आलेला नवरा वर्गाच्या दाराशी आला. वाळका माणूस. दोन वाक्यांत एकदा खोकायचा.

"सर, लिहून घ्या हिच्याकडनं. पायजे तेवढ्या येळा."

"अहो, पन..." महानंदा म्हणाली.

"लिवल्यानं काय व्हतंय मला? तू नापास झालीस तर मातर त्या लूमवरच मरतोय बघ मी."

मी खडू पुढे केला. तिने पदराचं टोक दातात धरलं आणि फळ्यावर लिहिलं, 'द चाइल्ड वॉज सेव्ह्ड बाय'. तिथे हात थांबला. मग तिने फळ्याकडे न बघता एका दमात नाव लिहून टाकलं.

"आता उखाणा घे गं," मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या हसल्या. या वेळी तीही. नवरा बाहेर जाऊन शर्टाच्या बाहीने सायकलची सीट पुसत बसला. बराच वेळ पुसत होता.

मार्चात बोर्डाचा पेपर झाला. मी आणि सायकल घेऊन आलेला तिचा नवरा सेंटरच्या फाटकाशी उभे होतो. महानंदा तोंड पाडून बाहेर आली.

"उतारा?"

"मधमाश्यांचा. पाची वाक्यं लिवली. पन मानूसच न्हवता, सर, त्यात. एवढं शिकले आनि नाव आलंच न्हाय."

"येईल की पुढल्या खेपेला," नवरा म्हणाला.

"पुढली खेप न्हाय आता," ती म्हणाली आणि कॅरियरवर बसली.

ती पास झाली. नर्सिंगला गेली. त्याने लूम सोडला.

निवृत्त झालो तरी त्या शाळेचे पेपर मी अजून तपासतो. कोरी जागा दिसली की शून्य देतो, कारण नियम तसाच आहे. पण पेपर परत देताना त्या बाईजवळ जाऊन हळू आवाजात विचारतो, इथे काय झालं? वर्गासमोर विचारत नाही.