मागावरची अर्धी शाल

विणकरांसाठीच्या आमच्या सरकारी ऑफिसात नसरीननं आणलेला कॉम्प्युटर उघडला आणि मला कळलं, हा काही पुन्हा चालू होत नाही. मदरबोर्ड गेला होता. इतका जुना बोर्ड आता कुठं मिळत नाही. मी तिला तसं सांगितलं.

तिचे वडील हिमरूचे, म्हणजे रेशीम-सुताच्या नक्षीदार शालींचे, नक्षीकार. नुकतेच वारले होते. नक्षी ते या कॉम्प्युटरवर काढायचे, मग तिच्यावरून पुठ्ठ्याची कार्डं पाडली जायची. कार्डावरची छिद्रं मागाला सांगतात, कोणता धागा उचलायचा. कार्डं संपली की विणकाम तिथंच थांबतं.

"अब्बांनी ही शाल माझ्या निकाहसाठी विणायला घातली होती, मॅडम," ती म्हणाली. "अर्धी मागावर हाय, अर्धी ह्याच्यात."

आमचे साहेब म्हणाले, नवीन सॉफ्टवेअर घ्यायला सांगा. मी म्हटलं, त्यात जुन्या फाइल्स उघडत नाहीत, आणि जुनं बनवणारी कंपनी कधीच बंद पडली. "मग जेवणाच्या सुट्टीत करा," साहेब म्हणाले. "ऑफिसचं काम अडायला नको."

हार्ड डिस्क मात्र शाबूत होती. तिची जशीच्या तशी प्रत काढली. आता ती व्हर्च्युअल मशीनवर चालवायची. म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात, निव्वळ सॉफ्टवेअरनं उभा केलेला दुसरा कॉम्प्युटर. जुन्या विंडोजला वाटतं, आपण आपल्याच घरी आहोत.

अडचण होती कुलपाची. नक्षीच्या सॉफ्टवेअरला एक डोंगल, म्हणजे किल्लीसारखा छोटा तुकडा, लागायचा. जुन्या प्रिंटर पोर्टला तो लावल्याशिवाय ते उघडायचंच नाही. व्हर्च्युअल मशीनच्या तयार पॅकेजमध्ये त्या पोर्टचा भाग बंद ठेवलेला होता. पण व्हर्च्युअल मशीनचं हे सॉफ्टवेअर ओपन सोर्स. मूळ कोड कुणीही घ्यावा, हवा तो भाग सुरू करावा आणि प्रोग्राम नव्यानं तयार करावा. यालाच बिल्ड म्हणतात.

ऑफिसातला एक रिकामा डेस्कटॉप घेतला. त्याला जुन्या पोर्टचं कार्ड बसवलं. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, व्हर्च्युअलायझेशन बंद होतं, ते सुरू केलं. लिनक्स, कोडचा प्रोग्राम करणारा कंपायलर, लागतील त्या लायब्ररी टाकल्या. घाईनं प्रोसेसरचे सगळे कोअर एकदम कामाला लावले, तर मेमरी संपून बिल्ड अर्ध्यातच मेलं. हाव नडली. निम्मे कोअर लावले, तेव्हा ते निमूट पूर्ण झालं.

नसरीनला बोलावून घेतलं. विंडोज सुरू झालं, पडद्यावर तिच्या वडिलांचं नाव आलं. तिनं ओढणी तोंडाशी धरली. मी नक्षीचं सॉफ्टवेअर उघडलं. आत जाण्याआधीच निरोप आला: परवान्याची मुदत संपली आहे.

मला डोंगलचा संशय आला. पोर्ट तपासलं, पुन्हा बिल्ड केलं. निरोप तोच. तिच्यासमोर मला फार वाईट वाटत होतं. शेवटी काही सुचेना म्हणून विचारलं, अब्बा सकाळी मशीन कशी सुरू करायचे?

"एफ-वन दाबून. नाय तर पुढं जायचीच नाय. तारीख पण रोज चुकीची दाखवायची. मी लई वेळा म्हणलं, आतला सेल बदलू. तर म्हणायचे, रहने दे बेटा, उसको उसके दिन में रहने दे."

मी कपाळाला हात लावला. मदरबोर्डवरचा सेल घड्याळ चालू ठेवतो. तो मेला की मशीन दर वेळी आपल्या पहिल्या तारखेवर परत जाते. त्या तारखेला परवाना चालू होता. मेलेल्या सेलनंच इतकी वर्षं काम जगवलं होतं. मी उभी केलेली मशीन मात्र प्रामाणिकपणे आजची तारीख सांगत बसली होती. नवा परवाना द्यायला तर कुणी उरलंच नव्हतं. मी नसरीनला ती जुनी तारीख विचारली आणि व्हर्च्युअल मशीन सुरू करायच्या कमांडमध्ये घातली.

सॉफ्टवेअर उघडलं. नसरीननं मोबाइलवरचा मागाचा फोटो पडद्याशेजारी धरला आणि एकेक फाइल पाहत गेली. एका वेलीपाशी थांबली. हीच, म्हणाली.

मग हळूच विचारलं, "अब्बांनी हिला शेवटचा हात कधी लावला, ते कळंल का?"

मी पाहिलं. सगळ्या फाइल्सवर एकच तारीख होती, मशीनची ती पहिली. नाही कळणार, असं मी सरळ सांगितलं.

त्या फाइलवरून उरलेली कार्डं पाडली गेली आणि शाल पुरी झाली. निकाहच्या आधी ती शाल दाखवायला आली. वडिलांच्या देखत विणलेला भाग कुठं संपला, ते मी उलटसुलट करून शोधलं. सापडलं नाही.

तेव्हापासून बंद मशीन समोर आली की बिघाड मी नंतर शोधते. आधी विचारते, इतके दिवस चालत कशी होती?